हवापालटासाठी गाव कसे निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणत्या विषयावर बोलाल, असे चिटणीसबाईंनी मला विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःच दोन-तीन विषय सुचवले होते. विषय मोठे भारदस्त होते. त्यांवर बोलणाऱ्या विदुषी आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी आपला एक घरगुती विषय निवडला. आपल्यापैकी एखादीला, किंवा आपल्या घरातल्या कुणाला, मोठ्या शहराचा उबग आला, गर्दी आणि गोंगाट सोसेनासा झाला, तर चार दिवस हवापालटासाठी तिला कोठे न्यावे, आणि ते ठिकाण कसे निवडावे, हा तो विषय.

हे ऐकून आमच्याकडचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "त्यात भाषण कसले करायचे? महाबळेश्वरला जा म्हणावे!" मी त्यांना एवढेच म्हटले, की मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी पसरणीच्या घाटात मोटारींच्या रांगेत दोन तास बसून या, मग आपण पुढे बोलू. थंड हवेचे ठिकाण आणि शांत ठिकाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आता आपल्या ध्यानात यायला हवे.

हवापालट हा शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात नेहमी असे. औषधाच्या बाटल्या संपल्या, तरी रोगी उठेना, की डॉक्टर 'हवापालट करा' असे सांगत. मिरज, पांचगणी या गावी तेव्हा क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे होती, आणि कोरडी, स्वच्छ हवा हाच तिथला मोठा उपचार मानला जाई. आज ज्यांना शहर सोसत नाही, त्यांच्या फुप्फुसांत बिघाड असतो असे नाही. त्यांचे कान, डोळे आणि मन दमलेले असते. तेव्हा नुसती हवा पालटून भागत नाही. आवाज पालटावा लागतो, चालण्याची गती पालटावी लागते, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तर कामही पालटावे लागते.

कानांचा शीण ही नाजूक बायकांची कुरकूर आहे, असे समजू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859-60 च्या सुमारास रुग्णसेवेवर एक पुस्तक लिहिले. त्यात 'आवाज' या विषयासाठी त्यांनी एक पूर्ण प्रकरण दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की आवाज किती मोठा आहे यावर त्रास क्वचितच अवलंबून असतो. ज्या आवाजाने मन 'आता काय होणार' म्हणून ताटकळत राहते, तो आवाज माणसाला दमवतो. हे आपल्या अनुभवाशी ताडून पाहा. समुद्राची गाज केवढी मोठी असते, पण तिच्या शेजारी गाढ झोप लागते. उलट मोबाइलची साधी टिंग झाली तरी हातातली पोळी तव्यावर टाकून आपण धावतो. मोटारीचा भोंगा, लोकलची घोषणा, दारावरची घंटा, हे सगळे आवाज आपल्याकडून काहीतरी मागत असतात. समुद्र काही मागत नाही.

सरकारनेही ही गोष्ट मानली आहे. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे जे नियम झाले, त्यांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. इस्पितळे, शाळा यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रासाठी ती 50 आणि 40 आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्या स्टेशनरोडवर या मर्यादेचे काय होते, हे सांगायला माझी गरज नाही.

डोळ्यांचेही तसेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका इस्पितळातल्या 1972 ते 1981 या काळातील नोंदी रॉजर उल्रिख नावाच्या संशोधकाने तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 23 रोगी असे होते, की त्यांच्या खिडकीतून झाडे दिसत. त्यांच्याच सारखे दुसरे 23 असे, की त्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे लवकर घरी गेले, आणि वेदना कमी करणारी कडक औषधेही त्यांना कमी लागली. 1984 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. रोगी थोडे होते हे खरे. पण नुसत्या झाडाकडे पाहून माणसाला बरे वाटते, हे आपल्या आईने अंगणात तुळस लावताना जाणले होते, त्याला एका शास्त्रज्ञाने दुजोरा दिला, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता उदाहरण घरचेच देते. माझी धाकटी जाऊ आज समोर बसलेली आहे. "माझे नाव नको, पण सांगा मात्र, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असे तिनेच मला म्हटले, म्हणून सांगते. ती लहान गावात वाढली, आणि बारा-तेरा वर्षे तिथल्याच शाळेत शिकवत होती. भावोजींची बदली झाली म्हणून ती इकडे आली. तिला नोकरी मिळाली ती मुंबईत. म्हणजे रोज लोकलने जाणे-येणे. पहिले वर्ष तिने दात-ओठ खाऊन काढले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेजारची इमारत पाडून नवी बांधायला घेतली, आणि दिवसभर यंत्रांची धडधड सुरू झाली. एके दिवशी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, स्टेशनच्या पुलावर तिचे पायच उचलेनात. कठडा धरून ती उभी राहिली. मागून लोक ढकलत होते. दोन अनोळखी बायांनी तिला बाजूला घेतले आणि पाणी दिले. त्यानंतर पुलाच्या नुसत्या आठवणीने तिला घाम फुटू लागला. कुकरची शिटी झाली तरी ती दचके. रात्रीची झोप गेली. एक दिवस भाजी निवडता निवडता तिने मला हळूच विचारले, "ताई, मी वेडी तर होत नाही ना?"

घरात जो तो आपले मत देत होता. "सवय होईल." "लाखो बायका रोज जातात, त्यांना नाही काही होत." बोलणारे वाईट नव्हते, पण प्रत्येक वाक्याने ती आणखी आक्रसत होती. कायमचे माहेरी निघून जावे, असेही तिच्या मनात येऊ लागले होते. आम्ही तिला प्रथम डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळे तपासले, हा मनाच्या शिणाचा प्रकार आहे आणि तो बरा होतो असे सांगितले, औषध दिले, एका समुपदेशक बाईंकडे पाठवले आणि काही दिवस शहराबाहेर विश्रांती घ्या म्हणाले. भावोजी मोठ्या प्रेमाने एका सहलीचे पत्रक घेऊन आले. नऊ दिवस, सात शहरे. पहाटे पाचला उठायचे, सहाला बस सुटायची. तिने तो कागद पाहिला आणि घडी करून परत दिला. मग आम्ही दोघी जावा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

ठिकाण निवडण्याची पहिली पायरी मी तिथे शिकले, आणि तीच आपणा सर्वांना सांगते. आधी गावांची यादी करू नका. त्या माणसाला नेमके काय सोसत नाही, त्याची यादी करा. जावेने लिहिले: पाठीमागून येणारा धक्का, भोंगा, 'लवकर कर' हे शब्द, आणि 'आज भाजी काय करू' हा प्रश्न. गंमत पाहा, वर्गातल्या चाळीस मुलांचा कलकलाट त्या यादीत नव्हता. तो तिला आवडतच होता. खाली तिने आणखी एक ओळ लिहिली, "अगदी निर्जन जागा नको, भीती वाटेल." ही ओळ फार महत्त्वाची आहे. शांतता म्हटली की आपण रान, डोंगर, एकाकी बंगला अशी चित्रे काढतो. पण घाबरलेल्या माणसाला एकांत आणखी घाबरवतो. अशा माणसाला जागता शेजार हवा, हाकेला ओ देणारे कुणी हवे, आणि गावात डॉक्टर हवा.

यादी हाती आली, की तिच्यावरून गाव सुचते. मोटारी आणि भोंगे हाच ज्याचा जाच असेल, त्याच्यासाठी आपल्याच मध्य रेल्वेवरच्या नेरळजवळचे माथेरान आहे. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने 1850 साली ते उजेडात आणले, आणि 1907 साली नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. दस्तुरी नाक्यापाशी मोटारी थांबतात; पुढे गावात मोटारींना मज्जाव आहे. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. डिसेंबर 2022 मध्ये तिथे विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, पण भोंग्यांचा गलबला नाही. लाल मातीची वाट, दुतर्फा झाडी आणि घोड्यांच्या टापा. मात्र पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवतात, माकडे खाऊची पिशवी हातातून ओढतात, आणि शनिवार-रविवारी बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. माथेरानला जायचे तर सोमवारी चढावे आणि गुरुवारी उतरावे.

ज्याला समुद्र हवा, त्याच्यासाठी एक युक्ती सांगते. प्रसिद्ध गाव नकाशात शोधा, आणि त्याच्या शेजारचे गाव निवडा. गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवशी दर्शनाची रांग लागते. पण अगदी जवळच मालगुंड आहे. केशवसुतांचे हे जन्मगाव. 1866 सालचा त्यांचा जन्म. तिथे त्यांचे स्मारक आहे, किनारा आहे, माडाच्या बागा आहेत. देवदर्शन गणपतीपुळ्याला सकाळी लवकर करावे आणि मुक्कामाला मालगुंडला यावे. ठाण्याला किंवा पनवेलला कोकण रेल्वेची गाडी धरली, की रत्नागिरीपर्यंत बसून जाता येते. गुहागरही तसेच. व्याडेश्वराचे देऊळ, लांबच लांब किनारा, आणि पोफळीच्या वाडीत घरगुती खानावळी. चिपळूणला उतरून पुढे मोटारीने जावे लागते.

गोव्याचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांसमोर कलंगुटची जत्रा उभी राहते. पण जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीत बसले, की थोड्याच वेळात दिवाडी बेटावर पाय टेकतो. शेते, जुनी घरे, टेकडीवर पियेदाद गावचे चर्च. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते; पुढे नार्वे येथील देवालयाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजीमहाराजांनी केला. बेटावर समुद्रकिनाऱ्याची गंमत नाही, आणि म्हणूनच गर्दीही नाही. ऑगस्टात बोंडेराम नावाचा उत्सव असतो, तेवढा दिवस मात्र टाळावा.

यावरून दुसरे पथ्य सांगते, ते पंचांगाचे. कोणतेही गाव बाराही महिने शांत नसते आणि बाराही महिने गजबजलेले नसते. भंडारदऱ्याचेच घ्या. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाच्या काठची सकाळ हिवाळ्यात एखाद्या साध्या बुधवारी पाहावी. पण मे-जूनच्या संधीला काजवे पाहायला जी झुंबड उडते, तिच्यात काजवेही बिचारे बावरत असतील. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पहाटेच्या आरतीनंतर घाटावर बसावे, यासारखे सुख नाही. पण शनिवारी आणि पौर्णिमेला तिथे जाऊन शांतता मिळाली नाही म्हणणे बरोबर नव्हे, आणि भर पावसाळ्यात तर नदीच घाटावर चढून येते. तेव्हा जायच्या गावची जत्रा केव्हा, तिथला बाजार कोणत्या वारी, शाळांच्या सुट्ट्या केव्हा, हे आधी विचारावे. आपण गृहिणी, निवृत्त माणसे; आपल्याला आठवड्याच्या मधले दिवस काढता येतात. नोकरीतल्या बाईसाठी रजेचे दोन दिवस जास्त खर्च झाले तरी चालतील, पण ती शनिवारी निघून सोमवारी परतली तर सगळा हवापालट रस्त्यावरच होईल.

तिसरे पथ्य अंतराचे. कौसानी हे हिमालयातले गाव फार रम्य आहे. गांधीजी 1929 साली तिथे राहिले होते. पण आपल्याकडून तिथे जायचे म्हणजे आधी दिल्ली, मग काठगोदाम, आणि पुढे कित्येक तास वळणावळणाचा डोंगरी रस्ता. ज्या माणसाला स्टेशन सोसत नाही, त्याला तीन स्टेशने ओलांडायला लावून शांततेकडे नेणे, हे पाय मुरगळलेल्याला डोंगर चढवून वैद्याकडे नेण्यासारखे झाले. पहिल्या खेपेला अर्ध्या दिवसात पोचेल असेच ठिकाण घ्यावे, एकच घ्यावे, आणि तिथून हलू नये. पाच रात्रींत तीन गावे केली, की पेट्या भरण्या-उपसण्यातच जीव जातो.

चौथे पथ्य मुक्कामाच्या खोलीचे. गाव शांत असून भागत नाही. खोली शांत हवी. फोनवर लाजू नका, स्पष्ट विचारा. खोली हमरस्त्यावर आहे का? शेजारी मंगल कार्यालय आहे का? जनरेटर कोणत्या बाजूला आहे? देवळाचा कर्णा किती वाजता सुरू होतो? जवळपास बांधकाम चालू आहे का? त्या आठवड्यात मोठा जथा उतरणार आहे का? माझा अनुभव असा, की घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या बाई या प्रश्नांची खरी उत्तरे देतात. "ताई, त्या दिवशी लग्न आहे, तुम्ही पुढच्या सोमवारी या," असे मला एकींनी स्वतःहून सांगितले होते.

आणि पाचवे पथ्य, जे पुरुषांच्या ध्यानात सहसा येत नाही, ते स्वयंपाकाचे. बाई घरातून निघाली, पण स्टोव्ह, तिखट-मिठाच्या पुड्या आणि 'मुलाला तिकडचे जेवण चालत नाही' हे सगळे तिच्याबरोबर निघाले, तर तिने फक्त ओटा पालटला, हवा नाही. जिथे दोन वेळचे साधे जेवण समोर येईल, तीच जागा घ्यावी. खर्च वाढतो हे खरे. तो परवडत नसेल, तर दोन दिवस कमी राहावे, पण जेवण आयते असावे.

ही सगळी गणिते मांडून आम्ही वाईला गेलो. जायला दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा सोमवार, यायला शनिवार. कल्याणहून पुण्याची गाडी, आणि पुण्याहून मोटार ठरवली, म्हणजे बसस्थानकाची गर्दी टळली. वाई हे नुसते खेडे नाही. बाजार आहे, डॉक्टर आहेत, आणि मराठी विश्वकोशाचे काम तिथे चालत आले म्हणून गावाला एक वाचणारा, लिहिणारा शेजारही आहे. कृष्णेचे घाट आहेत. गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. आणि महाबळेश्वर-पांचगणीला जाणारे लोक इथे फार तर चहापुरते थांबतात, हे शेजारच्या गावाचे सूत्र इथेही लागू पडते.

पहिल्या दिवशी जाऊ बेचैन होती. आवाज नव्हता, म्हणून तिला उलट काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. हे होते, आणि त्याने घाबरून जाऊ नये. मोबाइल आम्ही दिवसातून एकदा, संध्याकाळी सहा वाजता उघडायचा असे ठरवले होते. 'चल, हे बघू, ते बघू' असे मी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी ती घाटाच्या पायरीवर दीड तास नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती पाचला उठली. कित्येक महिन्यांत ती दिवसा झोपली नव्हती. चौथ्या दिवशी आम्ही तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर ती मोठी घंटा, जी 1739 च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांच्या हाती आली असे सांगतात. पाचव्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तो ही जागेवर नाही. माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने ही बाजारातून चार पेरू घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, भाव करून घेतले हो, महाग सांगत होता." भगिनींनो, त्या पेरूंची गोडी मला अजून आठवते.

आता पुढचेही खरे खरे सांगितले पाहिजे. वाईहून परत आल्यावर पूल तिथेच होता, गर्दी तीच होती, यंत्रांची धडधडही चालू होती. पाच दिवसांनी शहर बदलत नाही. पण बरे वाटणे म्हणजे काय असते, ते तिला पुन्हा आठवले होते, आणि ते आठवल्यावर काय बदलता येईल हे तिचे तिलाच सुचू लागले. झोपायची खोली तिने रस्त्याकडची सोडून आतली घेतली. गर्दीच्या आधीची गाडी धरू लागली. औषध आणि समुपदेशन तिने डॉक्टर सांगतील तितके दिवस नेमाने चालू ठेवले. पुढच्या जूनमध्ये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका शाळेत जागा निघाली. पगार कमी होता. घरात थोडी वादावादी झाली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माझ्या झोपेची किंमत त्या फरकापेक्षा जास्त आहे." भावोजी गप्प बसले, आणि आता तेच रोज सकाळी तिचा डबा भरून देतात.

म्हणून एक सावधगिरीची सूचना. हवापालट हा औषधाच्या जोडीचा उपाय आहे, औषधाच्या ऐवजी नव्हे. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, छाती धडधडते, आणि हे दोन-तीन आठवडे चालू आहे, तर आधी डॉक्टर, मग गाव. आणि जगणे नकोसे वाटते असे शब्द कुणाच्या तोंडून आले, तर ते थट्टेवारी नेऊ नका, आणि त्या माणसाला एकटे ठेवू नका. सरकारने 2022 साली टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आपल्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपली वार्षिक सहल मोठी मौजेची असते. बसमध्ये अंताक्षरी, फुगड्या, उखाणे, मध्येच 'उतरा, उतरा, फोटो काढू' हा गजर. मीही त्यात मागे नसते. ती सहल तशीच चालू राहावी. पण तिच्या जोडीला, वर्षातून एकदा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, आठ-दहाजणींचा एक शांत मुक्काम काढता येईल का? एकच गाव, आयते जेवण, कुठलाही कार्यक्रम नाही, आणि कुणी एकटी बसली तर "काय ग, रुसलीस का?" असे कुणी विचारायचे नाही. जिला एकटीने जाण्याची भीती वाटते, जिला घरातून एकटीला सोडत नाहीत, तिला मंडळाचे नाव पुढे करून चार दिवस मिळतील.

आणि कार्यालयात एक वही ठेवावी. जी ज्या गावी जाऊन येईल तिने त्यात लिहावे: गाव कोणते, जायला किती वेळ लागला, महिना कोणता, वार कोणता, खोली कशी, जेवण कसे, डॉक्टर किती दूर, आणि रात्री काय काय ऐकू आले. पहिले पान वाईचे. ते माझ्या जावेने स्वतःच्या हाताने लिहून आणले आहे. दुसरे पान कोरे आहे. ते पुढच्या वर्धापनदिनापर्यंत कोण भरते, ते आता पाहायचे.